ज्या नंबरावर फोन करायचा नव्हता

माझ्या पुतण्याच्या मुलाचं जावळ ज्या वर्षी काढायचं होतं आणि घरात सुतक आल्यामुळं ते पुढं ढकललं, त्या वर्षाच्या माघातली ही गोष्ट.

सकाळी मी मागच्या बाजूला आंघोळीचं पाणी तापवत होतो. पुढं ओट्यावर माझा थोरला भाऊ बापू फोनवर ओरडत होता. माणूस जितका लांब तितकं मोठ्यानं बोलावं लागतं, अशी त्याची समजूत.

"हॅलो! मी वैजूबाईचा चुलता बोलतोय. चुलता, चुलता! आपली बाई वारली. गुरवारी तेरावं हाय. जेवायला यायचं, सहकुटुंब. काय? कोण बाई? आता काय सांगावं तुम्हाला! तुमच्यातलं कोण यायचं तिच्याकडं उपचाराला?"

मी लाकूड आत सरकवलं. पै-पाव्हण्यांना कळवायचं काम बापूनं अंगावर घेतलं होतं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण 'उपचाराला' हा शब्द कानात अडकला. मी पुढं आलो. बापूच्या हातात वैजूचा मोठा फोन नव्हता. बटणांचा काळा, लहान फोन होता. तो कधी घरी यायचा नाही. तिच्या बसायच्या खोलीत, टेबलाच्या खणात असायचा.

"हा कुठनं आणलास?"

"तिच्या खोलीतनं. काल सतरंज्या आणायला किल्ली तूच दिलीस की. म्हटलं, ह्याच्यातली माणसं बोलवायची राहिली तर उद्या बोल लागंल. एवढी वर्सं बाईकडं गेलो, आन तेराव्याला कुणी विचारलं न्हाई म्हणतील."

"किती जणांना लावलास?"

"हा पयलाच. गडी होता. कुठली बाई, म्हणाला. मग मी सगळं इस्कटून सांगितलं. बियाण्याच्या दुकानाच्या वरची खोली, तिथं मनाचे उपचार करायची ती. तर म्हणाला, मग माझी बायको असंल. आन ठेवला. हूं न्हाई, चूं न्हाई. रीतभात उरली न्हाई बघ यशवंता लोकांत."

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. बापू म्हणाला, "अरं, भोपळ्याची भाजी किती करायची त्याचा अंदाज यायला नको का?"

वैजयंता माझी मुलगी. एकुलती एक. लोक तिला मनाची डॉक्टरीण म्हणायचे. ती म्हणायची, मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. मी म्हणायचो, एवढा मोठा शब्द कुणाच्या तोंडात मावंल का? तिच्या खोलीवर नुसतं नाव होतं, काम काय ते लिहिलेलं नव्हतं. माणूस पुढच्या जिन्यानं वर यायचं आणि मागच्या जिन्यानं खाली जायचं, म्हणजे येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची गाठ पडू नये. मी एकदा विचारलं होतं, "नुसतं बसून ऐकायचं, त्याला काम म्हणतात?" तर म्हणाली, "आबा, तुम्ही काहिलीपुढं नुसतं बसूनच असायचा की."

मी आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या होतो. उसाचा रस कधी गूळ होतो ते बघत काहिलीपुढं बसायचं, ते माझं काम. अक्षर येत नव्हतं. बायको गेल्यावर वैजूनं मला गावातून तालुक्याला आणलं आणि साठी उलटल्यावर मला वाचायला शिकवलं. आधी दुकानांच्या पाट्या, मग एसटीवरची गावं, मग पेपर. चुकलो की हसायची, पण पुढचा शब्द कधी सांगायची नाही. वाट बघायची.

त्या दिवशी दुपारी सांगलीहून मेहेंदळे बाईंचा फोन आला. त्या वैजूच्याच कामातल्या. दोघींनी एकमेकींना लिहून दिलं होतं की एकीचं काही झालं तर तिच्याकडं येणाऱ्या लोकांचे कागद दुसरीनं ताब्यात घ्यायचे आणि त्या लोकांना नीट कळवायचं. मी त्यांना बापूचं सांगितलं.

"आबा, त्या फोनमध्ये तो नंबर कुठल्या नावानं आहे, बघता?"

मी चष्मा लावून बघितलं. "नाव न्हाई. नुसतं 'श' लिहिलंय आन पुढं 'नको'."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आबा, 'नको' म्हणजे तिथं आपण होऊन कधीही फोन करायचा नाही. तिकडून आला तर ओळखू यावा म्हणून नुसता ठेवलेला. ती बाई घरी न सांगता येते. आठवड्यातून तेवढा एक तास तिला घराबाहेर पडता येतं. नवऱ्याला कळलं तर तोही बंद होईल. कदाचित तेवढ्यावर थांबणारही नाही."

"मग आता?"

"मी रविवारी येते. तोवर तुम्ही खोलीत बसाल? तिची वेळ बुधवारी दुपारची आहे. तिला फोन करता येत नाही, आलीच तर समोरासमोरच सांगायला हवं. आणि दुसरं कुणी विचारत आलं, तर ती येते असंही म्हणायचं नाही आणि येत नाही असंही नाही. कपाट उघडायचं नाही."

"दारात माणूस उभा राहिला, आन मी गप बसू?"

"वैजू बसली असती, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच मी जाऊन बसलो. बुधवारची वाट बघवेना. शिवाय घरात बापूच्या आचाऱ्याशी वाटाघाटी चालल्या होत्या.

मी त्या खोलीत पूर्वी दोन-तीनदाच गेलो असेन. दोन खुर्च्या होत्या. समोरासमोर नव्हत्या, थोड्या वाकड्या, म्हणजे बसणाऱ्याला वाटलं तर खिडकीकडं बघता यावं. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. भिंतीला लोखंडी कपाट. त्या कपाटात माझ्या लेकीनं इतक्या वर्षांत लिहिलेलं सगळं होतं. घरी तिच्या हातचं काही नव्हतं, किराणा मालाची चिठ्ठीसुद्धा मीच लिहायचो, सराव म्हणून. मी तिच्या खुर्चीत बसलो नाही. दुसरीत बसलो. कपाटाची किल्ली बंडीच्या खिशात होती आणि सारखी हाताला लागत होती.

दुपार कलली तेव्हा जिन्यावर बूट वाजले. चाळिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस आत आला. त्याला मी इथं जालिंदर म्हणतो. नाव खरं नाही, पुढं त्याच्या बायकोचं येईल तेही खरं नाही. चेहरा रागीट असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. त्यानं हात जोडले.

"वाईट झालं. काय झालं होतं बाईंना?"

"डोक्यात रक्तस्राव. इथंच. बसल्या जागी."

"तुम्ही वडील?"

"व्हय."

"काल तुमच्याकडनं मला फोन आला होता. तेराव्याचा." तो वैजूच्या खुर्चीत बसला. "माझी बायको इथं येती का?"

"कोण तुमची बायको?"

त्यानं नाव सांगितलं. शालन म्हणू तिला. मी म्हणालो, "मी गुऱ्हाळावरचा माणूस. इथं कोण येतं, कोण जातं, मला काय ठावं?"

"पण आता ठावं झालं असंल. पोरगी गेली. आठवडा उलटला. कागद चाळले असतील, कपाट उघडलं असंल."

"मला वाचता येत न्हाई."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून आलं. तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या मांडीवर सकाळचा पेपर होता. त्यावर चष्मा.

"मग हा पेपर?"

"शेंगा आणल्या होत्या त्यात."

"आन चष्मा?"

"मोतीबिंदू काढलाय."

त्यानं पेपर उचलला, घडी नीट केली आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या मथळ्यावर बोट ठेवून माझ्यापुढं धरला. माझ्या चेहऱ्याकडं बघत होता, पेपराकडं नाही. मथळा ऊसदराचा होता. एकदा वाचायला आलं की न वाचणं फार अवघड असतं. डोळे आपोआप पुढं जातात. मी त्याच्या नखाकडं बघत राहिलो. नख स्वच्छ कापलेलं होतं.

"काय लिहिलंय?"

"तुम्हीच सांगा. इलेक्शन लागली का?"

त्यानं पेपर खाली ठेवला. हसला.

"एवढी शिकलेली पोरगी. लोकांची मनं वाचायची म्हणं. आन स्वतःच्या बापाला सही शिकवली न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई शिकवली."

"का?"

"तिला वेळ नसायचा."

"बापाला वेळ न्हाई, आन दुसऱ्यांच्या बायकांना वेळ. कसली ओ पोरगी ही?"

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. तेरावं व्हायचं होतं अजून तिचं.

मग तो उठला आणि कपाटाची मूठ त्यानं खाली दाबली. कपाट वाजलं. "किल्ली?"

"हात नका लावू," मी म्हणालो. "तेराव्याच्या आत मेलेल्याच्या वस्तूला परक्यानं हात लावला तर ते त्याच्या घरात येतं. आमच्यात फार कडक हाय. आमच्या बापूनं काल तिच्या नुसत्या फोनला हात लावला, तवापासनं त्याला काय सुदरना. गावभर फोन करत सुटलाय. तुम्हाला लावला, तसा तहसीलदारालाबी लावला असंल."

असा काही नेम आमच्यात नाही. तो मी तिथल्या तिथं केला. पण त्यानं हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला.

"म्हंजे त्यानं उगंच लावला?"

"कुणाकुणाला लावला त्याचं त्यालाच ठावं. पण आता बोलावणं गेलंय तर या जेवायला. भोपळ्याची भाजी हाय."

तो परत खुर्चीत बसला. जायचं लक्षण दिसेना. खिडकीतून खाली बघत म्हणाला, "घरात बोलत न्हाई ती माझ्याशी. विचारलं तेवढंच. हो, नाही, जेवायला वाढू का. एवढं दाबून माणूस जगतं का, आबा? कुठंतरी बोलत असंलच की."

मला वैजूची आठवण झाली. ती घरी यायची, जेवायची, मला धडा द्यायची आणि तांदूळ-डाळीचं बोलायची. दिवसभर काय ऐकलं ते एक अक्षर कधी बोलली नाही. मला वाटायचं, हिचं मन कुणापुढं मोकळं होत असेल? ते मी कधी विचारलं नाही.

जालिंदर बराच वेळ बसला. मग घड्याळ बघून उठला. दारात वळून म्हणाला, "येतो आबा. अंगठेबहाद्दराची पोरगी आन मनाची डॉक्टरीण. ऐकावं ते नवल." पुढच्या जिन्यानं आला होता, पुढच्याच जिन्यानं गेला.

बुधवारी शालन तिच्या वेळेवर आली. हातात शिवणाची पिशवी होती. शिवणक्लासला जाते म्हणून निघायची ती. मी उभा राहिलो, पण काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "कळलंय मला. गेल्या बुधवारी कुलूप दिसलं, मग घरात कळलं."

ती तिच्या खुर्चीत बसली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पोरगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"तुम्हाला काय म्हणाले का?" मी विचारलं.

"सोमवारी रात्रभर विचारत होते. मारत न्हाईत ते, आबा. नुसतं विचारतात. कुठं गेलतीस, कुणाशी बोललीस, काय बोललीस, परत सांग. झोपू देत न्हाईत. मागं एकदा वहिनीशी बोलले तर माझा फोन विहिरीत टाकला त्यांनी. मी म्हटलं, कोण बाई, मला म्हाईत न्हाई. मग मंगळवारी इथनं आले आन हसायला लागले. म्हणाले, त्या बाईचा बाप अडाणी, चुलता येडा, आन तू मला त्या फोनपायी जागवलंस."

"तू जागवलंस?"

"असंच म्हणतात ते." ती पहिल्यांदा जराशी हसली. "पण विषय मिटला. क्लासला जा म्हणाले."

खाली रस्त्यावरून हातगाडी गेली. मग तिनं विचारलं, "मी बाईंना सांगितलेलं कुठं हाय?"

मेहेंदळे बाईंनी कपाट उघडू नका म्हणून सांगितलं होतं. पण ते दुसऱ्यांसाठी, असं मी धरलं. किल्ली काढली. वैजूच्या अक्षरात नावं लिहिलेल्या फायली ओळीनं उभ्या होत्या. मी बोटानं नावं वाचत गेलो. शालनची सापडली ती तिच्या हातात दिली.

ती फायलीकडं न बघता माझ्याकडं बघत होती. "तुम्हाला वाचायला येतं?"

"व्हय."

"बाईंनी शिकवलं?"

"व्हय. तिनंच."

तिनं फाईल मांडीवर ठेवली. उघडली नाही. तळहातावर घेऊन वजन बघितलं, बाजारात भोपळा बघतात तसं. "दोन वर्सांत एवढीच झाले मी?"

"तिचं अक्षर बारीक हाय," मी म्हणालो. "लई मावतं त्यात."

तेव्हा ती रडली. मी तांब्यातलं पाणी दिलं. मेहेंदळे बाईंचा नंबर मी कागदावर लिहून देऊ लागलो तर म्हणाली, "कागद नको. तोंडी सांगा." मी सांगितला, तिनं ओव्या पाठ करतात तसा म्हणून घेतला. फाईल माझ्याकडं परत दिली. "राहू द्या. माझ्या घरात ठेवायला जागा न्हाई."

जाताना मागच्या जिन्यावर थांबून म्हणाली, "आबा, बाजारात दिसलासा तर मी ओळख देणार न्हाई हां. बाईंचंच सांगणं होतं तसं."

"नका देऊ," मी म्हणालो.

रविवारी मेहेंदळे बाई गाडी घेऊन आल्या. आम्ही दोघांनी फायली खोक्यांत भरल्या. माझ्या लेकीचं अक्षर माझ्या हाताखालून जात होतं आणि मी फक्त नावांवर नजर ठेवत होतो. शेवटचं खोकं बांधायच्या आधी मी विचारलं, "बाई, एक पान ठेवू का? कुठलंबी. मी वाचणार न्हाई. नुसतं अक्षर."

त्या खोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आबा, यातलं एकही पान वैजूचं नाही हो. सगळी त्या लोकांची आहेत."

मी सुतळी ओढून गाठ मारली. ठरलेली वर्षं भरल्यावर त्यांनी त्या फायली नष्ट केल्या. तसं मला फोन करून सांगितलं. शालन त्यांच्याकडं गेली की नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खोली सोडली. बापू गावाला गेला. पुढच्या वर्षी जावळ झालं, मी जाऊन आलो. घरात मी एकटा. सकाळी चौकातल्या चहाच्या गाड्यावर जायचं, तिथला पेपर उघडायचा, एवढाच काय तो माझा दिवस. एकदा असाच पेपर पुढं धरून बसलो होतो, तर खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "काय आबा, चित्रं बघताय?"

जालिंदर होता. चौकात त्याचं पाइपांचं दुकान होतं, ते मला आधी ठाऊक नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "चित्रंच."

"आणा इकडं." तो शेजारी बसला आणि वाचू लागला.

त्या दिवसापासून रोज. दुकान उघडायच्या आधी तो यायचा, दोन चहा सांगायचा आणि मला पेपर वाचून दाखवायचा. वाचायचा छान. खुनाच्या बातम्या रंगवून, बाजारभाव भराभर. कधी मधली ओळ गाळायचा, कधी कंटाळून मनचं घालायचा. मला कळायचं. मी म्हणायचो, "बरं, पुढं?" पेपर झाला की थोडं त्याचं बोलायचा. पोराचं, गुडघ्याचं, भावकीतल्या भांडणाचं. बायकोचं कधी नाही. मी ऐकायचो. मध्ये बोलायचो नाही. घरी जाऊन दार लावून मी रद्दी म्हणून मागून आणलेला तोच पेपर परत काढायचो, पण का कोण जाणे, दोन ओळींच्या पुढं मन लागायचं नाही.

पतपेढीत तो संचालक होता, म्हणून तिथली सही मी बदलून घेतली आणि अंगठा लावू लागलो. कारकून म्हणाला, "आबा, पूर्वी सही करत होता की!" मी म्हणालो, "हात थरथरतो." गावात मी अडाणी झालो. शालन दोनदा बाजारात दिसली. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.

वैजूच्या पाचव्या वर्षश्राद्धाला मी पेपरात चार ओळी द्यायच्या ठरवल्या. मजकूर मीच लिहिला आणि लांबच्या गावच्या एजंटाकडं दिला. सकाळी गाड्यावर जालिंदरनं पेपर उघडला, पानं उलटली आणि थांबला.

"आबा, तुमच्या पोरीचं आलंय."

"वाच की."

त्यानं घसा साफ केला. त्या दिवशी त्यानं एकही ओळ गाळली नाही. "वैजयंता यशवंत खबाले. माघ वद्य पंचमी. तुझी वाट बघायची सवय अजून गेली नाही. आबा." मग पेपर मांडीवर ठेवून म्हणाला, "कुणी लिहून दिलं? चांगलं लिहिलंय."

"एक जण हाय ओळखीचा."

"त्याला पोरगी असणार," जालिंदर म्हणाला आणि चहावाल्याला अजून दोन सांगितले.

त्यानंतरही सहा वर्षं तो मला वाचून दाखवत होता. गेल्या वर्षी पौष महिन्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जालिंदर वारला. त्याचं तेरावं झाल्यावर मी हे माझ्या हातानं लिहायला घेतलं.